वापरलेलं टर्बो इंजिन विकायचंय? गाडीतून उतरवायच्या आधी हे वाचा

गाडी ठोकली गेली, किंवा दुसरं मोठं इंजिन बसवायचं ठरलं, किंवा हौसेने सुरू केलेला प्रोजेक्ट मधेच थांबला, आणि आता एक ताकदवान टर्बो इंजिन विकायचंय. अशा वेळी बहुतेक जण काय करतात तर आधी इंजिन उतरवतात, मग ते गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवतात, मग चार महिन्यांनी धूळ झटकून दोन फोटो काढतात आणि खाली लिहितात "एकदम टॉप कंडिशन, चालू इंजिन काढलंय". आणि मग भाव येत नाही म्हणून वैतागतात.

मी पहिल्यांदा हेच केलं होतं. एसआर२०डीईटी होतं, म्हणजे निसानचं १९९८ सीसीचं चार सिलिंडर टर्बो, माझ्याच गाडीतलं, मीच चालवलेलं, त्यात काहीही दोष नाही हे मला पक्कं माहीत होतं. पण जो विचारायला यायचा तो पहिलाच प्रश्न करायचा की कम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते तो आकडा) किती आहे, आणि माझ्याकडे सांगायला आकडा नव्हता, फक्त शब्द होता. शेवटी ते इंजिन उघडून बनवायच्या इंजिनाच्या भावात गेलं. घेणाऱ्याने घरी नेऊन टेस्ट केली आणि मला प्रामाणिकपणे कळवलं की चारही सिलिंडर जवळपास सारखे आहेत. म्हणजे इंजिन चांगलंच होतं, पुरावा नव्हता, आणि तेवढ्यासाठी माझे पैसे गेले.

म्हणून नवीन विकणाऱ्यांना माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हेच आहे की समोरचा माणूस तुमच्या इंजिनाची हॉर्सपॉवर नंतर बघतो, आधी भरवसा बघतो, आणि तो भरवसा तयार करायचं काम इंजिन गाडीत चालू असतानाच होतं. एकदा चेन कप्पीला लटकलं की अर्धे पुरावे कायमचे गेले.

पायरी १: गाडीत असतानाच सगळं रेकॉर्ड करा

पहिलं काम थंड स्टार्टचा व्हिडिओ. गाडी रात्रभर उभी राहू द्या, आणि सकाळी व्हिडिओ सुरू करताना आधी इंजिनावर हात ठेवून दाखवा किंवा स्कॅनरवर कूलंटचं तापमान दाखवा, म्हणजे आधीच गरम करून ठेवलंय अशी शंका राहत नाही. मग न कापता एका दमात सगळं घ्या: सेल्फ मारला, इंजिन पकडलं, सायलेन्सरमधून धूर किती आणि कुठल्या रंगाचा, ऑइल प्रेशर किती सेकंदात आलं, टॅपेटचा आवाज येतोय का आणि आला तर किती वेळात गेला. इंजिन नंबर पण त्याच व्हिडिओत यायला पाहिजे, नाहीतर व्हिडिओ या इंजिनाचा आहे की दुसऱ्या कुठल्या याला काही आधार नाही. व्हिडिओवर गाणं टाकू नका. ज्याला इंजिन कळतं तो आवाज ऐकायलाच व्हिडिओ उघडतो.

धुराचं थोडक्यात सांगतो कारण विचारणारे यावरच जास्त विचारतात. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. तो स्टार्ट करताना किंवा बराच वेळ आयडलवर उभं राहून मग रेस दिल्यावर भसकन येत असेल तर बऱ्याचदा व्हॉल्व्ह सील असतात, बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो दाबून हवा आत ढकलत असताना, येत असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा टर्बोचे सील बघावे लागतात. पांढरा दाट धूर गरम झाल्यावरही जात नसेल आणि गोडसर वास येत असेल तर कूलंट आत जातंय, हेड गॅसकेट किंवा हेडला तडा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय, तो बहुतेक वेळा ट्यूनिंगचा किंवा इंजेक्टरचा विषय असतो, इंजिन गेल्याचं लक्षण तो एकटा नाही.

दुसरं, लॉग. स्टँडअलोन इसीयू (कंपनीच्या जागी बसवलेला, ट्यून करता येणारा इंजिनाचा कंप्युटर) असेल किंवा डेटा लॉगिंग होत असेल तर पूर्ण थ्रॉटलची एक खेच (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून गाडी ओढणं) लॉग करून ठेवा, त्यात बूस्ट, एअर-फ्युएल रेशो (हवा-पेट्रोलचं प्रमाण), नॉक (पेट्रोल अवेळी पेटून बसणारे ठोके) आणि ऑइल प्रेशर असू द्या. डायनोचा (ताकद मोजायच्या मशीनचा) कागद असेल तर उत्तम, पण तो आकडा चाकावरचा आहे की क्रँकवरचा (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावरचा), कुठल्या पेट्रोलवर, किती बूस्टला, हे सोबत लिहिलेलं नसेल तर त्या कागदाला काही अर्थ राहत नाही. १.२ बार आणि १.८ बार बूस्टला एकाच इंजिनाचे आकडे वेगळे येणार, आणि घेणारा जाणकार असेल तर तो हेच विचारणार.

पायरी २: कम्प्रेशन टेस्ट, पण नीट केलेली

कम्प्रेशन टेस्ट सगळे करतात पण नीट फार कमी जण करतात, आणि चुकीच्या पद्धतीने केली तर चांगल्या इंजिनाचा आकडा पण वाईट येतो आणि तुम्ही स्वतःच स्वतःचा माल पाडून ठेवता. इंजिन पूर्ण गरम पाहिजे. सगळे स्पार्क प्लग काढलेले पाहिजेत, फक्त ज्याची टेस्ट आहे त्याचा काढून चालत नाही. पेट्रोल आणि इग्निशन बंद, इंजेक्टरचे आणि कॉइलचे कनेक्टर सोडवा किंवा फ्यूज काढा. थ्रॉटल पूर्ण उघडा, इथे सगळ्यात जास्त चुका होतात, बंद थ्रॉटलने हवाच कमी जाते. बॅटरी दमदार हवी, शक्यतो चार्जर लावून ठेवा, कारण चौथ्या-पाचव्या सिलिंडरपर्यंत येताना बॅटरी दमली तर क्रँकिंग हळू होतं आणि मागच्या सिलिंडरचे आकडे उगाच खाली दिसतात. प्रत्येक सिलिंडरला सारखेच झटके द्या, पाच-सहा पुरतात, आणि प्रत्येक वेळी गेजचा फोटो काढा ज्यात सिलिंडर नंबर खडूने लिहिलेला दिसेल.

आता आकडा कसा वाचायचा. टर्बो इंजिनांचा कम्प्रेशन रेशो मुळात कमी ठेवलेला असतो, जुन्या जपानी टर्बो इंजिनांचा साधारण ८.५ च्या आसपास, त्यामुळे साध्या बिनटर्बो इंजिनापेक्षा गेजवरचा आकडा कमी येतो आणि नवखा घेणारा घाबरतो. त्याला त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा आणि किमान मर्यादा दाखवा, वाद तिथेच संपतो. लांब ड्युरेशनचे (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारे) कॅम असतील तर आकडा अजून खाली येतो, ते जाहिरातीत लिहा. उंचावरच्या गावात टेस्ट केली असेल तर तेही लिहा, १५०० मीटर उंचीवर हवेचा दाबच समुद्रसपाटीपेक्षा सहाव्या हिश्श्याने कमी असतो मग गेज तरी काय दाखवणार. एकूण आकड्यापेक्षा सगळ्या सिलिंडरमधला फरक जास्त बोलतो. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा यांच्यात दहा टक्क्यांच्या आत फरक असेल तर मला समाधान वाटतं.

एखादा सिलिंडर पडलेला दिसला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत टेस्ट करा. आकडा चढला तर रिंगा किंवा सिलिंडरची भिंत, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट. हे लपवू नका, पुढे सांगतो का.

कम्प्रेशनपेक्षा पण लीकडाउन टेस्ट मला जास्त आवडते, कारण ती बॅटरी आणि क्रँकिंगवर अवलंबून नाही आणि हवा कुठून पळतेय ते कानाने कळतं. सिलिंडर कम्प्रेशन स्ट्रोकच्या वरच्या डेड सेंटरला (पिस्टन सगळ्यात वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद) आणायचा, साधारण १०० पीएसआय हवा सोडायची आणि किती टक्के गळते ते बघायचं. हवा लागली की क्रँक फिरू शकतो, त्यामुळे तो धरून ठेवा आणि पाना क्रँकच्या बोल्टवर तसाच सोडून हात दुसरीकडे नेऊ नका. डिपस्टिकच्या नळीतून किंवा ऑइल भरायच्या तोंडातून सुस्कारा आला तर रिंगा, थ्रॉटलमधून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅसकेट. दहा टक्क्यांच्या आत असेल तर ते अभिमानाने लिहा. वीसच्या पुढे गेलं तर हे इंजिन "चालू इंजिन" म्हणून विकू नये असं माझं मत, ते बनवायला लागणारं इंजिन म्हणून विका.

प्लग काढलेलेच आहेत तर बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून प्रत्येक सिलिंडरचे फोटो पण घ्या, भिंतीवरच्या होनिंगच्या (बनवताना घासून पाडलेल्या) तिरक्या रेघा दिसतात का, उभे ओरखडे आहेत का, पिस्टनचा माथा कसा आहे. आणि काढलेले प्लग ओळीने मांडून एक फोटो. प्लगच्या पांढऱ्या भागावर मिरपूड टाकल्यासारखे ठिपके किंवा ॲल्युमिनियमचे चमकणारे कण असतील तर ते नॉकिंगचं चिन्ह आहे आणि अनुभवी माणसाला ते लगेच दिसतं, तुम्हाला नाही दिसलं तरी.

पायरी ३: ऑइल आणि टर्बो

शेवटचं ऑइल काढताना थोडं स्वच्छ बाटलीत धरून लॅबला पाठवा. लोखंड, तांबं, शिसं, ॲल्युमिनियम किती आहे याचा रिपोर्ट येतो, तांबं आणि शिसं वाढलेलं असेल तर बेअरिंगकडे संशय जातो, सिलिकॉन जास्त असेल तर बहुतेक वेळा फिल्टरमधून धूळ आत गेलीय. इंजिनाच्या किमतीपुढे हा खर्च फार छोटा आहे. तेवढं नसेल करायचं तर ऑइल फिल्टर कापा, आतला कागद उलगडा, उजेडात धरून फोटो काढा. चकाकी नसेल तर हा फोटो मोठं काम करतो.

टर्बोचं बघताना नवखे लोक शाफ्ट हलवतात आणि थोडा जरी हलला तरी "टर्बो गेला" म्हणतात. साध्या जर्नल बेअरिंगच्या टर्बोत शाफ्ट ऑइलच्या थरावर तरंगत फिरतो, मिनिटाला लाखभर आणि त्याहून जास्त फेरे, त्यामुळे ऑइल नसताना वर-खाली किंचित खेळ लागणारच. आत-बाहेर मात्र जवळपास काहीच लागायला नको, आणि बाजूला दाबून फिरवलं तरी पाती हाउसिंगला घासता कामा नयेत. पात्यांच्या कडा आणि हाउसिंगच्या आतला भाग यांचा जवळून फोटो घ्या. कम्प्रेसरच्या तोंडाशी ऑइलचा पातळ थर दिसला तर तो बऱ्याचदा क्रँककेसच्या वाफेतून आलेला असतो, साचलेलं ऑइल मात्र वेगळी गोष्ट. एक्झॉस्ट हाउसिंग आणि मॅनिफोल्डला बारीक तडे असतात, वेस्टगेटच्या (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या) भोकाजवळ खास करून, ते आधीच दाखवून टाका कारण घेणारा ते शोधणारच आहे.

पायरी ४: तुमच्या इंजिनाचं ठरलेलं दुखणं आधी तपासा

प्रत्येक नावाजलेल्या टर्बो इंजिनाला एखादं असं दुखणं असतं जे सगळ्यांना माहीत असतं, आणि घेणारा सगळ्यात आधी तेच विचारतो. तुम्ही त्याचं उत्तर जाहिरातीतच दिलंत तर निम्मी बोलणी तिथेच होतात.

मित्सुबिशीचं ४जी६३ असेल तर क्रँकवॉक. फ्लायव्हील सात बोल्टने बसणाऱ्या काही क्रँकांना हा त्रास होता, थ्रस्ट बेअरिंग झिजून क्रँक पुढे-मागे सरकतो. क्लच दाबल्यावर आयडल पडतो का ते व्हिडिओत दाखवा, आणि उतरवल्यावर डायल गेज लावून क्रँकचा एंडप्ले (पुढे-मागे सरकायचा खेळ) मोजून लिहा. सहा बोल्टचं जुनं असेल तर तेही लिहा, त्याला वेगळा भाव आहे. निसानचं आरबी२६डीईटीटी, जे १९८९ मध्ये आर३२ जीटी-आर मधून आलं, त्याच्या सुरुवातीच्या क्रँकवर ऑइल पंप चालवणारा भाग अरुंद होता, नंतर तो रुंद केला गेला. तुमच्यात कुठला आहे, तो भाग रुंद करणारी कॉलर बसवलीय का, पंप बदललाय का, हे सांगा. सुबारूच्या ईजे२५७ ला पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तुटायचा इतिहास आहे, तिथे नुसत्या कम्प्रेशनवर कोणी विश्वास ठेवत नाही आणि ठेवू पण नये, लीकडाउनच लागते. बीएमडब्ल्यूच्या एन५४ ला हाय प्रेशर फ्युएल पंप आणि इंजेक्टर कधी बदलले ते विचारतात, आणि डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल व्हॉल्व्हवर न पडता थेट सिलिंडरमध्ये) असल्यामुळे इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन किती साचलाय त्याचा फोटो मागतात.

माझदाचं रोटरी १३बी-आरईडब्ल्यू विकत असाल तर वरची कम्प्रेशनची सगळी पद्धत बाजूला ठेवा. त्यात पिस्टनच नाहीत, प्रत्येक रोटरला तीन बाजू आहेत आणि साधं गेज फक्त सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतं, म्हणजे एक बाजू मेलेली असली तरी गेजवर इंजिन ठणठणीत दिसू शकतं. रोटरीचा खास टेस्टर मिळतो जो तिन्ही बाजू वेगळ्या दाखवतो, आणि आकडे २५० आरपीएमला जुळवून सांगायचे असतात. त्याशिवाय रोटरी विकायला काढू नका, घेणारा येणारच नाही.

टोयोटाचं २जेझेड-जीटीई असेल तर नशीबवान आहात, बीडाचा ब्लॉक, २९९७ सीसी, १९९१ पासून बनलेलं, आणि त्याला मागणी असते. पण तिथे प्रश्न ओळखीचा येतो: जीटीई आहे की बिनटर्बो जीई वर टर्बो चढवलाय, व्हीव्हीटी-आय (व्हॉल्व्हची वेळ बदलणारी सिस्टिम) आहे की आधीचं, मूळ जोड टर्बो आहेत की एक मोठा बसवलाय. यातलं काहीही मोघम ठेवू नका.

पायरी ५: उतरवताना काय जपायचं

वायरिंग कापू नका. हे मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे. घाईत माणूस हार्नेस (वायरींचा अख्खा जुडगा) कापतो आणि नंतर कळतं की न कापलेल्या हार्नेससकट इंजिनाला घेणारे कितीतरी जास्त असतात. प्रत्येक कनेक्टरला चिकटपट्टी लावून नाव लिहा आणि हार्नेस इसीयूपर्यंत अख्खा बाहेर काढा. नव्या गाड्यांमध्ये इसीयू, चावी आणि इमोबिलायझर (चोरी रोखणारी सिस्टिम) एकमेकांशी जोडलेले असतात, त्यामुळे इसीयू देताय पण चावी आणि इमोबिलायझरचा भाग देत नाही तर ते इंजिन समोरच्याकडे सुरूच होणार नाही. काय देताय ते आधी ठरवा.

कप्पी लावताना इंजिनाच्या स्वतःच्या हुकांनाच लावा, इनटेक मॅनिफोल्डला दोर बांधून उचललेली इंजिनं मी पाहिलीत, मॅनिफोल्ड वाकतो नाहीतर तुटतो. आणि खाली ठेवताना ऑइल पॅनवर वजन देऊ नका. बऱ्याच इंजिनांचा पॅन ॲल्युमिनियमचा असतो, तो तडकतो, आणि पत्र्याचा असेल तर आत चेपून ऑइल ओढणाऱ्या जाळीला चिकटतो. मग घेणारा बाहेरून काही न दिसता इंजिन बसवतो, सुरू करतो आणि ऑइल न मिळून बेअरिंग जातात. स्टँडवर ठेवा किंवा माउंटच्या जागी लाकडी आधार द्या.

लगेच सगळी तोंडं बंद करा, टर्बोचं तोंड, इनटेक, एक्झॉस्ट, ऑइलच्या लाइन, कूलंटच्या नळ्या. प्लास्टिकची बुचं किंवा जाड प्लास्टिक आणि टेप वापरा. कापडाचे बोळे कोंबू नका, विसरतात आणि आत जातात. ब्लॉकमधलं कूलंट ड्रेन प्लग उघडून पूर्ण काढा, आत नुसतं पाणी राहिलं आणि कडक थंडीत गोठलं तर ब्लॉक फुटतो. विक्रीला वेळ लागणार असेल तर प्लगच्या भोकातून थोडं फॉगिंग ऑइल (गंज रोखणारं फवाऱ्याचं ऑइल) सोडा आणि अधूनमधून क्रँक हाताने फिरवत राहा, फिरायच्या दिशेनेच, उलटा नाही. ओलसर हवेत सिलिंडरच्या भिंती फार लवकर गंजतात.

पायरी ६: अख्खं विकायचं की सुटं

सुटं विकलं की एकूण पैसे जास्त येतात हे खरं आहे, टर्बो, इंजेक्टर, इनटेक, इसीयू, गिअरबॉक्स सगळं वेगळं जातं. पण शेवटी ब्लॉक आणि हेड तुमच्याकडे उरतात आणि नेमके तेच लवकर जात नाहीत, शिवाय प्रत्येक भागासाठी वेगळे फोन, वेगळं पॅकिंग, वेगळी कटकट. चांगलं टेस्ट केलेलं इंजिन अख्खं विका, आणि ज्याचे आकडे पडलेत ते सुटं करा, असं मी सांगेन. अख्खं म्हणजे काय हेही स्पष्ट लिहा. नुसता ब्लॉक-क्रँक-पिस्टन असेल तर शॉर्ट ब्लॉक, वर हेड असेल तर लाँग ब्लॉक, आणि मॅनिफोल्ड, टर्बो, अल्टरनेटर, हार्नेस, इसीयू सगळं असेल तर कम्प्लीट. या तीन शब्दांच्या गोंधळामुळे झालेली भांडणं मी पाहिलीत.

पायरी ७: भाव

भाव ठरवताना लोकांनी मागितलेले आकडे बघू नका, विकले गेलेले आकडे शोधा. मागणारा वर्षभर तसाच मागत बसलेला असू शकतो. आणि मॉडिफिकेशनवर घातलेला पैसा परत येईल ही आशा सोडून द्या, हे मला सांगतानाही वाईट वाटतं कारण त्या फोर्ज्ड पिस्टनच्या मागे किती रात्री गेल्या ते मला माहीत आहे. घेणाऱ्याच्या दृष्टीने मॉडिफाय केलेलं इंजिन म्हणजे जास्त ताकद आणि सोबत जास्त ताणलेलं असण्याची शक्यता, दोन्ही एकदम. मूळ भाग जपून ठेवले असतील तर ते सोबत द्या, त्यांना मान आहे.

"नुकतंच पूर्ण बनवलंय" या वाक्याबद्दल वेगळं बोलायला पाहिजे. बिलं, मशीन शॉपचा कागद, बेअरिंग क्लिअरन्स मोजलेले आकडे, पिस्टन-रिंगांचे नंबर, जोडताना काढलेले फोटो, हे असेल तर भाव चढवा. यातलं काही नसेल तर ते इंजिन न उघडलेल्या, टेस्ट केलेल्या इंजिनापेक्षा कमी भावात जातं, कारण आत कोणी काय केलंय ते कोणालाच माहीत नाही.

पायरी ८: जाहिरात

जाहिरात लांब झाली तरी चालेल. साधारण असं लिहा: "४जी६३ टर्बो, सहा बोल्ट, कम्प्लीट, हार्नेस न कापलेला, इसीयू सोबत. अमुक किलोमीटर चाललेलं, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप अमुक किलोमीटरला बदललेले, बिल आहे. कम्प्रेशन गरम इंजिनावर, थ्रॉटल उघडा ठेवून, चारही आकडे खाली. लीकडाउन खाली. थंड स्टार्टचा व्हिडिओ आहे. दोष: मागच्या मेन सीलमधून ऑइल पाझरतं, एक्झॉस्ट हाउसिंगला वेस्टगेटजवळ केसाएवढा तडा, फोटो बघा. गिअरबॉक्स आणि क्लच सोबत नाहीत."

दोषाची ओळ ठेवाच. दोष लिहिल्यावर भाव थोडा उतरेल पण बाकीच्या सगळ्या ओळींवर विश्वास बसतो, आणि जो येतो तो आधीच ते मान्य करून येतो, दारात घासाघीस करायला त्याच्याकडे नवीन काही राहत नाही. फोटो काढायच्या आधी इंजिन पुसा पण प्रेशरने धुऊन चकाचक करू नका, गळतीच्या खुणा पुसल्या असाच अर्थ काढला जातो.

इंजिन नंबरचा फोटो आणि ज्या गाडीतून काढलं त्या गाडीचे कागद तयार ठेवा. ताकदवान इंजिनांची चोरी होते, आणि बऱ्याच ठिकाणी गाडीच्या नोंदणीत इंजिन नंबर असतो, त्यामुळे शहाणा घेणारा कागद मागणारच. नंबर खरवडलेला किंवा परत ठोकल्यासारखा असेल तर विकायचा विचारच करू नका.

पायरी ९: बोलणी आणि पैसे

फोन आला की उलट तुम्ही विचारा, कुठल्या गाडीत बसवणार, कुठला इसीयू, ट्यूनिंग कोण करणार. ज्याला खरंच घ्यायचंय तो खुशीने सांगतो. नुसती चौकशी करणारा दोन प्रश्नांत गळतो. बघायला येणाऱ्याला प्लग काढून बोरस्कोप घालू द्या, हाताने क्रँक फिरवू द्या, त्याचा मेकॅनिक सोबत येऊ द्या. तुम्ही अडवलंत की त्याच्या मनात पाल चुकचुकणार.

पैशाच्या बाबतीत एक पक्का नियम ठेवा, तुमच्या खात्यात पैसे जमा झालेले तुम्ही स्वतः बँकेत बघितल्याशिवाय इंजिन हलवू नका. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नाहीत. चेक जमा दिसला तरी तो नंतर परत जाऊ शकतो. इंजिन न बघता लगेच हो म्हणणारा, ठरल्यापेक्षा जास्त रक्कम पाठवून "उरलेले माझ्या ट्रान्सपोर्टवाल्याला द्या" म्हणणारा, हा फसवणुकीचाच प्रकार आहे, तिथेच थांबा.

आणि एक कागद करा, साधा एक पानाचा: इंजिन नंबर, काय काय दिलं त्याची यादी, टेस्टचे आकडे आणि तारीख, सांगितलेले दोष, आणि हमी कशाची. मी हमी एवढीच देतो की देताना आकडे असे होते, आणि घेणाऱ्याला ठराविक दिवस देतो त्यात त्याने बसवायच्या आधी परत टेस्ट करून घ्यावी. बसवल्यानंतरच्या ट्यूनिंगची जबाबदारी घेऊ नका, चुकीच्या मॅपवर (इसीयूतल्या सेटिंगवर) चांगलं इंजिन पण एका खेचीत पिस्टन वितळवतं. दोघांच्या सह्या, दोघांकडे एक-एक प्रत.

पायरी १०: पॅकिंग आणि पाठवणी

बीडाच्या ब्लॉकचं सहा सिलिंडर इंजिन सगळ्या सामानासकट दोनशे किलोच्या पुढे सहज जातं, त्यामुळे पॅलेट मजबूत हवं आणि इंजिन माउंटच्या जागी लाकडावर बोल्टने किंवा पट्ट्यांनी आवळलेलं, पॅनवर नाही. ऑइल, कूलंट आणि फ्युएल रेलमधलं पेट्रोल पूर्ण काढा, पेट्रोल राहिलं तर तो धोकादायक माल ठरतो आणि माल अडकतो. परदेशी पाठवत असाल तर बहुतेक देशांत लाकडी पॅलेटवर आयएसपीएम १५ (लाकडातली कीड रोखायचा आंतरराष्ट्रीय नियम) चा शिक्का लागतो, म्हणजे बहुतेक वेळा लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सियसला ३० मिनिटं तापवलेलं, अशा शिक्क्यात एचटी लिहिलेलं असतं. सेन्सर आणि कॉइलचे कोपरे फोमने झाका, बाहेर आलेले भाग सगळ्यात आधी तुटतात. बांधून झाल्यावर चारही बाजूंनी फोटो, आणि विमा पूर्ण किमतीचा.

इंजिनासोबत मी एक हाताने लिहिलेली चिठ्ठी देतो. त्यात असतं: इंजेक्टर किती सीसीचे, शेवटचा मॅप कुठल्या पेट्रोलवर होता, बसवायच्या आधी मागचा मेन सील आणि टायमिंग बेल्ट बदला कारण आत्ता सोपं आहे, टर्बोची ऑइल लाइन नवी टाका, आणि पहिल्यांदा सुरू करायच्या आधी इग्निशन-पेट्रोल बंद ठेवून ऑइल प्रेशर येईपर्यंत सेल्फ मारा. कोरडं स्टार्ट केलेलं इंजिन टर्बो आणि बेअरिंग दोन्ही घेऊन जातं आणि फोन मात्र तुम्हाला येतो.

पहिल्या स्टार्टच्या दिवशी त्याला ऑइल प्रेशरच्या गेजचा फोटो पाठवायला सांगा. आवाज येतोय म्हणाला तर लगेच बंद करायला सांगा, फिल्टर कापून बघायला सांगा, आणि तुमच्याकडचे थंड स्टार्टचे व्हिडिओ आणि टेस्टचे फोटो तोपर्यंत डिलीट करू नका.